पाठच्या भावंडाचे दुखणे : डॉ. सिसिली विल्यम्स

हल्ली ओळखीतल्या एखाद्या डॉक्टर झालेल्या मुलीने सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करायला परदेशी जायचे ठरवले, की घरची वडीलधारी माणसे बुचकळ्यात पडतात. इतकी वर्षे घासून पदवी मिळवली, आता दवाखाना थाटायचा सोडून पुन्हा वह्या-पुस्तके कशाला, असे त्यांना वाटते. रोग्याची नाडी पाहायची नाही, औषधाची चिठ्ठी लिहायची नाही, मग हे डॉक्टर करतात तरी काय? स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा हाच प्रश्न माझ्या मनात घोळत होता. आनंदीबाई जोशी आणि डॉ. रखमाबाई ह्यांच्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे, आणि ते योग्यच आहे. मी निवडलेले नाव आरोग्यशास्त्राच्या जगात सर्वांना ठाऊक असले तरी आपल्या बायकांच्या बोलण्यात फारसे येत नाही. ते नाव डॉ. सिसिली विल्यम्स. त्यांचे सारे काम मात्र आपल्याच राज्यातले, म्हणजे आईची मांडी, चूल आणि लेकराच्या पुढ्यातली वाटी ह्यांतले.

विल्यम्सबाईंचा जन्म २ डिसेंबर १८९३ रोजी वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर झाला. क्रिकेटमुळे हे नाव आपल्या पोरासोरांनाही माहीत आहे. घराणे इंग्रज, पण कित्येक पिढ्या तिकडेच मळे करून राहिलेले. वडील त्या बेटाच्या शिक्षणखात्याचे प्रमुख. तेराव्या वर्षी मुलीला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडले. एकोणिसाव्या वर्षी ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात जागाही मिळाली. पण घरच्या अडचणी निघाल्या आणि आईवडिलांच्या मदतीला त्या जमैकाला परतल्या. १९१६ मध्ये वडील वारले, त्यानंतर तेविसाव्या वर्षी त्या पुन्हा ऑक्सफर्डला पोचल्या. तोवर पहिले महायुद्ध पेटले होते. तरुण पुरुष आघाडीवर गेलेले, वैद्यकाच्या वर्गातली बाके रिकामी, म्हणून तेथे मुलींना वाट मिळाली. युद्ध संपून पुरुष परत आले तेव्हा हीच वाट पुन्हा अरुंद झाली. १९२३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातून त्या डॉक्टर झाल्या खऱ्या, पण कायमची नोकरी काही मिळेना.

लंडनच्या हॅकनी भागात मुलांचे एक रुग्णालय होते. त्या गरीब वस्तीत काम करताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. मूल बरे करून घरी धाडावे आणि महिन्याभराने तेच मूल तेच दुखणे घेऊन परत यावे. घरात काय शिजते, कोण सांभाळते, पाणी कुठले पितात, हे ठाऊक नसताना औषध देणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. पुढे ग्रीसमधल्या सालोनिका येथे, तुर्कस्तानातून आलेल्या निर्वासितांमध्ये काही काळ काम केल्यावर हा विचार अधिकच पक्का झाला.

मग १९२८-२९ मध्ये त्यांनी लंडनच्या आरोग्य व उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयात काही महिन्यांचा अभ्यासक्रम केला. ह्या विद्यालयाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या मुली आज जे शिकायला परदेशी जातात त्याचे हे एक मोठे माहेर आहे. डॉ. पॅट्रिक मॅन्सन ह्यांनी १८९९ मध्ये ते गोदीजवळच्या खलाशांच्या रुग्णालयात सुरू केले. साम्राज्यात दूरदूर जाणाऱ्या डॉक्टरांना तिकडचे रोग आधी ओळखता यावेत, हा हेतू. साम्राज्याला आपले गोरे अधिकारी, शिपाई आणि मळ्यांवरचे मजूर जिवंत हवे होते, हे त्यामागचे गणित लपवण्यात अर्थ नाही. १९२४ मध्ये त्याला नवी सनद मिळाली, अमेरिकेच्या रॉकफेलर प्रतिष्ठानाने पैसा दिला आणि १९२९ मध्ये केपेल स्ट्रीटवर नवी इमारत उघडली. इमारतीच्या सज्जांवर डास, पिसू, ऊ, उंदीर, नाग असे प्राणी सोनेरी मुलाम्यात मढवून बसवले आहेत. देवळाच्या शिखरावर देव असतात, तसे येथे रोगराई पसरवणारे आणि माणसाला दंश करणारे जीव! वरच्या पट्टीवर ह्या शास्त्रातल्या तेवीस थोरांची नावे कोरली, तेवीसही पुरुष. पहिले स्त्रीनाव तेथे चढायला २०१९ साल उजाडले. तेव्हा मेरी क्युरी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि ॲलिस बॉल अशी तीन नावे कोरली गेली. विल्यम्सबाई त्यांत नाहीत.

अभ्यासक्रमाचा भर हिवताप, निद्रारोग, आतड्यांतले जंत, पाणी आणि सांडपाणी ह्यांवर असे. सूक्ष्मदर्शकातून रक्ताचा थेंब पाहायचा, त्यातला शत्रू हुडकायचा. हे ज्ञान कमी मोलाचे नव्हे. पण ज्या रोगात कुठलाच जंतू दिसत नाही, त्याचे काय? हा प्रश्न विल्यम्सबाईंच्या पुढ्यात लवकरच येणार होता.

वसाहतींच्या वैद्यकीय सेवेत शिरण्यासाठी त्यांनी अर्जावर अर्ज केले होते. अखेर १९२९ मध्ये आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्ट वसाहतीत नेमणूक झाली. १९५७ मध्ये स्वतंत्र होऊन घाना झाला तोच हा देश. हुद्दा होता स्त्री-वैद्यकीय अधिकारी. ह्या शब्दातला स्त्री हा भाग नुसता शोभेचा नव्हता. पगार पुरुष डॉक्टरांपेक्षा कमी, हे त्यातून सांगितलेले होते. हा हुद्दा बाईंना कधीच आवडला नाही.

राजधानी अक्रा येथे प्रिन्सेस मारी लुईस नावाचे मुलांचे रुग्णालय होते. तेथे रोज सकाळी बायकांची रीघ लागे. विल्यम्सबाईंनी स्थानिक परिचारिका तयार केल्या आणि त्यांना घरोघर धाडायला सुरुवात केली. निरोगी मुलांनाही ठरल्या दिवशी दाखवायला आणायची चाल पाडली. प्रत्येक मुलाचे एक कार्ड केले आणि त्यावर त्याची हकीकत नोंदली जाऊ लागली. आज अंगणवाडीत मुलाचे वजन करून कार्डावर खूण करतात, ते आपल्याला इतके नेहमीचे झाले आहे की हे कुणीतरी प्रथम सुरू केले असेल असे मनातही येत नाही.

ह्या रीघेत एक ते चार वर्षांची काही मुले वेगळीच दिसत. हातापायांवर सूज, पोट पुढे आलेले, केसांचा काळेपणा जाऊन तांबूस भुरकट झालेले, कातडीवर काळे डाग पडून तिचे पापुद्रे सुटलेले. मूल सतत किरकिरे, कशात लक्ष नाही, तोंडाशी घास नेला तरी मान फिरवणारे. सुजेमुळे परक्याला ते बाळसेदार वाटावे, आणि आठवड्याभरात ते दगावावे. इतर डॉक्टर ह्याला पेलाग्रा म्हणत. मका खाणाऱ्या लोकांत जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा तो एक रोग. बाईंना हे पटेना. पेलाग्रात ऊन लागते त्या भागावरची कातडी बिघडते, येथे तसे नव्हते. आणि हा रोग मोठ्यांना न होता नेमका ह्याच वयाच्या मुलांना गाठत होता. उलगडा व्हावा म्हणून त्यांनी दगावलेल्या मुलांची शवविच्छेदने केली. एकदा त्यात हात कापला, जंतुदोष झाला, आणि पेनिसिलिनपूर्वीच्या त्या दिवसांत त्या मरता मरता वाचल्या.

आता मला ह्या चरित्रातली सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट सांगते. एवढे शिकलेल्या, ऑक्सफर्डच्या पदवीच्या बाईंनी बाजारात बसणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या आयांना विचारले की तुमच्यात ह्या दुखण्याला काय म्हणतात. त्या भागातल्या गा भाषेत नाव तयार होते : क्वाशिओरकोर. त्याचा भाव असा, की पाठचे भावंड आले म्हणजे आधीच्या, जागेवरून उतरवलेल्या मुलाला जडते ते दुखणे. एका शब्दात निदान आले, वय आले आणि कारणही आले! आपल्याकडे पाठचे हा शब्द किती सहज वापरतो आपण. पाठच्याची चाहूल लागली म्हणून अंगावरचे तोडले, आणि वरचे लेकरू खंगले, ही गोष्ट कुठल्या आजीला ठाऊक नव्हती? अक्राच्या आजींनाही ती ठाऊक होती. वैद्यकाच्या पुस्तकाला मात्र ठाऊक नव्हती.

मूल दोन वर्षांपर्यंत आईच्या दुधावर असे तोवर ठीक चाले. दूध तुटले, की त्याच्या वाट्याला मक्याच्या आंबवलेल्या पिठाची पातळ पेज येई. आपल्या आंबिलीच्या जातीचीच म्हणा, पण जोडीला ताक नाही, डाळ नाही, काही नाही. नाहीतर त्याच पिठाचे गोळे मक्याच्या सालपटात गुंडाळून उकडलेले. पोट भरे, पण अंग भरेल असे त्यात काही नसे. ह्या आहारात प्रथिनांची उणीव असावी, असा तर्क बाईंनी मांडला आणि वेळेवर दूध दिले तर मूल सुधारते, हेही दाखवले. हा लेख १९३३ मध्ये बालरोगांच्या एका इंग्रजी नियतकालिकात आला. पेलाग्राचे जाणकार म्हणून नाव असलेले डॉ. ह्यू स्टॅनस ह्यांनी तो खोडून काढला. हा पेलाग्राच, असे त्यांचे म्हणणे. बाई गप्प बसल्या नाहीत. १९३५ मध्ये लॅन्सेट ह्या प्रसिद्ध वैद्यकीय पत्रात त्यांनी दुसरा लेख लिहिला, दोन्ही रोगांतला फरक मांडला, आणि त्या लेखाला नाव दिले तेच, बाजारातल्या आयांनी दिलेले. असा तो शब्द जगातल्या सर्व वैद्यकीय पुस्तकांत जाऊन बसला. मराठीत आज आपण सुजवटी म्हणतो तो हाच रोग. सुकटीत मूल वाळते, सुजवटीत सुजते.

वरिष्ठांशी मात्र बाईंचे जमले नाही. मतभेद विकोपाला गेले आणि १९३६ मध्ये त्यांची बदली मलायात झाली. ती मानाची बदली नव्हती.

सिंगापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकवू लागल्या, आणि तेथे दुधाचा दुसराच अवतार त्यांच्या पुढे आला. आफ्रिकेत दूध न मिळून मुले मरत होती, येथे दुधानेच मरत होती. डब्यातले गोड आटवलेले दूध विकणाऱ्या कंपन्या बायकांना परिचारिकेसारखा पांढरा वेष घालून बाळंतिणींच्या चाळीतल्या बिऱ्हाडांत धाडीत. ह्या बायका गोडीगुलाबीने पटवून देत, की डब्यातले दूध आईच्या दुधापेक्षा सरस आहे. पांढऱ्या वेषापुढे गरीब बाळंतीण काय बोलणार? चार दिवस डब्याचे दूध पाजले की अंगावरचे आटे. मग डबा विकत घेतल्यावाचून गत्यंतर नाही. पैसे पुरेनात म्हणून दुधात पाणी वाढे, पाणी कसले ते देवच जाणे, आणि साखर जास्त, स्निग्धांश व जीवनसत्त्वे कमी असे ते दूध पिऊन बाळ हगवणीने जाई. काही मुलांचे अ जीवनसत्त्वाच्या अभावी डोळे जात.

१९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबने बाईंना भाषणाला बोलावले. क्लबचे अध्यक्ष दूध विकणाऱ्या एका बड्या कंपनीचेच तिकडचे मुख्य होते. बाईंनी भाषणाचा विषय ठेवला होता दूध आणि खून. अजाणतेपणी केलेला असो की नफ्यासाठी, खोट्या प्रचाराने होणारा बालमृत्यू हा खूनच समजावा, असा त्यांचा आशय होता. पाहुणीने यजमानाच्या तोंडावर असे बोलावे हे शिष्टाचाराला धरून झाले नाही, असे काहींना वाटले असेल. मला तरी त्या सभागृहात मागच्या रांगेत बसायला मिळाले असते तर फार आवडले असते. आपल्याकडेही सुदृढ बालक स्पर्धांत बक्षीस म्हणून दुधाच्या भुकटीचा डबा देत असत, हे माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल.

येथे गैरसमज होऊ नये. बाईंचे वैर दुधाशी नव्हते. दूध तुटलेल्या दोन वर्षांच्या पोराला त्या स्वतःच दूध द्या म्हणत होत्या. तान्ह्याच्या तोंडचे आईचे दूध काढून त्या जागी डबा आणण्याला त्यांचा विरोध होता.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा मलायात उतरल्या. बाई तेव्हा उत्तरेकडच्या त्रेंगानू प्रांतात होत्या. हालअपेष्टा सोशीत त्या सिंगापूरला पोचल्या, आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूरही पडले. चांगीच्या तुरुंगात हजारो युरोपीय नागरिकांबरोबर त्या बंदिवान झाल्या आणि स्त्रियांच्या छावणीच्या कारभारात पुढे आल्या. त्याबद्दलची शिक्षा म्हणजे १९४३ मध्ये जपानी लष्करी पोलिसांनी त्यांना चौकशीसाठी उचलून नेले. काही महिने पुरुष कैद्यांबरोबर एकाच कोठडीत, उपाशी, शेजारी माणसे मरत असताना त्यांनी काढले. बेरीबेरीने पायांची जी संवेदना गेली, ती जन्मभर परत आली नाही. युद्ध संपले तेव्हा त्या रुग्णशय्येवर मरणाच्या दारात होत्या. ह्या बंदिवासात वीस मुले जन्मली. डबा नव्हताच, सर्व आईच्या दुधावर वाढली, आणि वीसच्या वीस जगली. आया स्वतः अर्धपोटी होत्या, हे लक्षात घ्या. तुरुंगातल्या बायकामुलांच्या पोषणाची हकीकत बाईंनी सुटकेनंतर रीतसर लिहून प्रसिद्ध केली. आपल्याच उपासमारीचा शास्त्रीय अहवाल लिहिणाऱ्या बाईला काय म्हणावे!

१९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली, आणि तिच्या माता-बालक आरोग्य विभागाच्या पहिल्या प्रमुख म्हणून विल्यम्सबाईंना जिनीव्हाला बोलावले. पुढे त्यांनी दक्षिण-पूर्व आशियाच्या विभागासाठी काम केले. ह्या विभागाचे ठाणे आपल्या दिल्लीत आहे. संघटनेने आफ्रिकेतल्या देशांत पाहणी करवली, तिचा अहवाल १९५२ मध्ये निघाला, आणि ज्या रोगावरून बाईंना वादाला तोंड द्यावे लागले होते तो त्या खंडातला सर्वांत गंभीर पोषणरोग ठरला.

नंतरचे आयुष्य मुख्यतः शिकवण्यात गेले. १९५३ ते १९५५ त्या लंडनच्या आपल्याच जुन्या विद्यालयात पोषणशास्त्र शिकवत होत्या. जेथे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जंतू पाहायला शिकल्या, तेथेच आता मुलाच्या वाटीकडे पाहायला शिकवू लागल्या. मग १९६४ पर्यंत काही वर्षे बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात प्राध्यापक. तेथून पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांतही काम. पुढे अमेरिकेत टुलेन विद्यापीठात. भाषणे आणि सल्ला देण्याच्या निमित्ताने त्या सत्तरांवर देश हिंडल्या. त्यांच्या शिकवण्याचा गाभा असा, की रोग बरा करणारा एक डॉक्टर आणि रोग टाळायला सांगणारा दुसरा, ही फाळणी आईच्या उपयोगाची नाही. एक मूल खोकत आहे, दुसऱ्याला लस टोचायची आहे, स्वतःला तिसऱ्याचे दिवस गेलेले आहेत, अशी बाई तीन वारांना तीन दारे कशी झिजवणार? सर्व एका छपराखाली पाहा, आणि तिला उपदेश करण्याआधी तिच्या घरी जाऊन या. डॉ. डेरिक जेलिफ ह्यांच्याबरोबर त्यांनी १९७२ मध्ये पुस्तक काढले तेही ह्याच विषयावर. परदेशी जाणाऱ्या आपल्या डॉक्टर मुली तेथे काय शिकतात ह्याचे उत्तर मला ह्या बाईंच्या चरित्रात सापडले : ते मूल दवाखान्याच्या दारापर्यंत का आले, हे शोधायला शिकतात. आकडे, नकाशे, पाहण्या हे त्याचे आजचे साधन.

बाईंचा तर्क सर्वस्वी खरा ठरला का? तसे म्हणता येत नाही. पन्नास-साठच्या दशकांत साऱ्या जगाने प्रथिनांचा ध्यास घेतला, आणि १९७४ मध्ये डॉ. डोनाल्ड मॅक्लॅरेन ह्यांनी लॅन्सेटमध्येच त्यावर कडक टीका केली, की नुसत्या प्रथिनांमागे लागून एकूण अन्नाच्या तुटवड्याकडे दुर्लक्ष झाले. २०१३ मध्ये मलावीतल्या जुळ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच घरात, एकच अन्न खाऊन एकाला सुजवटी होते आणि दुसऱ्याला होत नाही, तेव्हा आतड्यांतल्या सूक्ष्म जीवांचाही त्यात हात असावा, असे त्यातून दिसले. सूज नेमकी कशाने येते, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. पण उतरवलेल्या मुलाकडे पाहा, हे अक्राच्या आयांचे सांगणे कुणी खोडलेले नाही.

दुधाच्या बाबतीत सरकारांना जाग यायला १९८१ साल उजाडले. त्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या जाहिरातीवर आणि फुकट नमुन्यांवर बंधने घालणारी संहिता मंजूर केली. ११८ देश बाजूने, विरुद्ध एकटी अमेरिका. सिंगापूरच्या त्या भाषणाला तेव्हा बेचाळीस वर्षे झाली होती आणि बाई सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या. १९८६ मध्ये, ब्याण्णव वर्षांच्या असताना, ऑक्सफर्डने त्यांना सन्माननीय पदवी दिली. १३ जुलै १९९२ रोजी, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्या ऑक्सफर्डलाच वारल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस भारतात तान्ह्या मुलांच्या दूधभुकटीच्या जाहिरातीला बंदी करणारा कायदा झाला, आणि डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापणे आपल्याकडे बेकायदेशीर ठरले.

अक्राचे ते मुलांचे रुग्णालय अजून चालू आहे, आणि कुपोषित मुलांवर तेथे आजही उपचार होतात.